जोडीचा फोटो

रामनगर, डोंबिवली (पूर्व)
१२ जून २०२४

प्रिय तुळसा,

परवा आपल्या कंपनीतल्या शिवानीच्या मुलीच्या लग्नात आपण इतक्या वर्षांनी भेटलो, तू माझा हात धरून भडाभडा बोललीस आणि मी नुसती मान डोलावत राहिले. खरं सांगू? त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही. डावा कान पार गेलाय. उजव्यात यंत्र आहे, पण फोन जवळ नेला की ते शिट्टी मारतं. म्हणून पत्र लिहितेय. तुझ्या फोनवर आलेला मेसेज तुझी नात निशिगंधा घरभर मोठ्याने वाचून दाखवते, एवढं मात्र ऐकू आलं होतं, म्हणून मेसेजही नको.

बाकी तशीच आहेस ग. पॅकिंगमध्ये औषधाच्या बाटल्यांवर लेबलं लावताना जशी हसायचीस तशीच. मी लॅबच्या काचेतून बघायचे आणि मला वाटायचं, हिला एवढं काय हसायला येतं!

आता मुद्द्याचं. तुला मागच्या एप्रिलमध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाली, असं तू म्हणालीस. मग पेन्शनचा अर्ज केलास का? तू काहीतरी उत्तर दिलंस, पण तेवढ्यात बँड वाजला. कंपनी बंद पडली असली तरी आपली पेन्शन बुडत नाही. मला तीन वर्षं मिळतेय.

पत्राचं उत्तर पत्रानेच दे.

तुझी,
वासंती गोरक्षकर


खारेगाव, कळवा
२४ जून २०२४

वासंतीताईंना तुळसाचा नमस्कार.

पोस्टमनने माझ्या नावाने पत्र आणलं तर सून बोलली, आई, तुम्हाला कोण पत्र लिहितं? मी बोलले, माझी मैत्रीण हाय. बरं वाटलं सांगायला. माझं अक्षर वाकडं हाय, सातवीनंतर लिहिलंच नाय, समजून घ्या.

पेन्शनचं मी काय केलं नाय. मी नोकरी सोडली तवाच पीएफ उचललेला, पोराच्या, नयनच्या लग्नाला. मग आता काय उरलं असंल? आणि ताई, आमाला काय कमी हाय? जमीन गेली, बिल्डिंग झाली, बंगला झाला. नयनच्या दोन गाड्या हायेत. गावान सगळे याना रघुशेठ बोलतात. ज्यानी आयुष्यभर मिठागरावर फावडं मारलं त्याला शेठ! तवाच हे मना बोलले, आता केण्यांच्या बायकोनी कंपनीत कशाला जायचं? आणि मी घरी बसले. आता शेठची बायको पेन्शनच्या लाईनीत उभी राहिली तं लोक काय बोलतील?

तवा माझं राहू द्या. तुमच्या कानाचं सांगा. डॉक्टर काय बोलतात?

एक विचारू? तुमची पेन्शन बँकेतून तुमीच काढता ना? का तुमचा पोरगा अपूर्व काढून देतो?

तुमची,
तुळसा केणी


डोंबिवली
२ जुलै २०२४

प्रिय तुळसा,

अक्षर छान आहे. डॉक्टरांपेक्षा तरी नक्कीच चांगलं.

हे बघ, पीएफ वेगळा आणि पेन्शन वेगळी. पगारातून जे कापलं जायचं ते तू लग्नाला उचललंस. पण कंपनी तिच्या बाजूने जो वाटा भरायची त्यातला काही भाग पेन्शनकडे जायचा. दहा वर्षं नोकरी झाली की तो उचलताच येत नाही. तो तिथेच थांबतो, तुला अठ्ठावन्न पूर्ण होईपर्यंत. तू २००४ ला लागलीस आणि २०१६ ला सोडलीस. म्हणजे तुझी पेन्शन तुझी वाट बघत बसली आहे आणि तू बंगल्यात बसून विचारतेयस की आता काय उरलं!

रक्कम मोठी नाही, ते आधीच सांगते. तुझ्या नयनच्या एका गाडीच्या पेट्रोललासुद्धा पुरायची नाही. पण तू शेवटी विचारलंस म्हणून सांगते. हो, मीच काढते. अपूर्व चांगला मुलगा आहे, सून हेमांगी तर मुलीसारखीच. मला न मागता सगळं मिळतं. तरी दर महिन्याला मी बँकेत जाते, थोडे पैसे काढते आणि येताना फडके रोडवरून फुलं घेते. ती फुलं कुणाला विचारून घेतलेली नसतात. एवढंच.

लोक काय म्हणतील याची लाज असेल तर सोडून दे. आपण भीक मागत नाही. बारा वर्षं उभं राहून काम केलंयस तू.

तुझी,
वासंती


कळवा
२० जुलै २०२४

वासंतीताईंना नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. फुलांचं तर पाठ झालं.

ताई, मना पेन्शन पायजे. आदल्या पत्रान मी उगाच मोठेपणा केला. माझ्या मनान एक काम हाय, त्याला महिन्याचे महिने थोडे पैसे लागतील, आणि ते मना कोणाकडं मागायचे नायत. काम काय ते आता विचारू नका.

पन याना काय कळता कामा नये. नयनलापन नाय. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, कंपनीची जुनी पगाराची चिठ्ठी, सगळ्याच्या झेरॉक्स पाठवतेय. झेरॉक्सवाल्याला बोलले, नातीच्या शाळेला पायजेत. म्हातारपणी खोटं बोलायला शिकले.

तुळसा


डोंबिवली
९ ऑगस्ट २०२४

प्रिय तुळसा,

हेमांगीने काल लॅपटॉप उघडून सगळं तपासलं. नोकरीची सगळी वर्षं नोंदलेली आहेत, ती काळजी मिटली. अडलंय ते नावावर. कंपनीच्या नोंदीत तू ‘तुळसा रघु केणी’ आणि आधारवर ‘तुळशीबाई रघुनाथ केणी’. कॉम्प्युटरला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. आधी नाव दुरुस्त करायचं, मग पेन्शनचा अर्ज. त्या दुरुस्तीच्या कागदावर कंपनीची सही लागते. कंपनी तर बंद, मग बँकेच्या मॅनेजरची सही चालते असं कळलं. कागद सोबत पाठवतेय. तुझं खातं ज्या बँकेत आहे तिथल्या मॅनेजरना भेट. पीएफच्या ऑफिसात मग आपण दोघी मिळून जाऊ.

आणि तू म्हणालीस विचारू नका, तरी विचारते. घरी तुला काही त्रास आहे का? रघुभाऊ काही बोलतात का? नवऱ्यापासून लपवून पैसे लागतात म्हटल्यावर माझ्या मनात नाही नाही ते येतं. बंगल्यात राहणारी बाई सुखी असतेच असं नाही. तसं काही असेल तर एकटी राहू नकोस. डोंबिवलीत माझं घर आहे.

तुझी,
वासंती


डोंबिवली
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय तुळसा,

महिना होऊन गेला, तुझं पत्र नाही. आधी वाटलं, गणपतीची गडबड असेल. मग हेमांगीकडून तुझ्या फोनवर फोन करवला, तो बंद लागला.

मागच्या पत्रात मी रघुभाऊंबद्दल लिहिलं, ते लिहायला नको होतं. पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं का? माझ्यामुळे घरात काही झालं का? माझा स्वभाव तुला माहीत आहे. लॅबमध्येसुद्धा माझं काम संपलं की मी दुसऱ्याच्या टेबलावरच्या नळ्या नीट लावत बसायचे. तू नको म्हणत होतीस आणि मीच पेन्शन पेन्शन करत बसले.

तसं असेल तर ते कागद फाडून टाक. मला काही नको, फक्त तू बरी आहेस एवढं एका ओळीत कळव.

वासंती


कळवा
२९ सप्टेंबर २०२४

वासंतीताई, नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं परवाच हातान पडली. मी घरीच नव्हते. तुमाला केवढा घोर लावला मी! आधी सांगते, मी बरी हाय आणि माझ्या घरान मना कायपन त्रास नाय. हे मना कधी वाकडा शब्द बोलत नायत. तुमचं पत्र वाचून मना हसू आलं आणि मग रडू आलं.

आता सगळं सांगते. मना एक मोठी बहीण हाय, आवडाबाई. कल्याणच्या पलीकडं गावान राहते. नवरा मागंच वारला, पोर नाय. दिराच्या घरी, पुतण्यांच्या हाताखाली दिवस काढते. ते मारत नायत, उपाशीपन ठेवत नायत. पन ती समोर आली की सगळे गप होतात. माझी आयस गेली तवा मी लहान होते. आवडाबाईनी मना कडेवर वाढवली. ऑगस्टान ती मोरीन पडली, खुब्याचं हाड मोडलं. कल्याणच्या हॉस्पिटलान मी तिच्याजवळ राहिले, मग तिच्या गावी. माझा फोन तिथंच पाण्यात पडून मेला.

हेच ते माझ्या मनातलं काम. मना तिला माझ्याकडं आणायचीय, कायमची. पन तिचं औषध हाय, खाणं हाय, कपडालत्ता हाय. ती परक्या घरान राहून राहून अशी झालीय की चहा दिला तरी विचारते, दूध कोणाचं? मना तिला सांगायचंय, आवडाबाई, खा, हे माझं हाय. नयनचं नाय, यांचं नाय, माझं. ते सांगायला माझ्याकडं काय नव्हतं ताई. एवढ्या मोठ्या बंगल्यान माझं काय नव्हतं.

याना मी मागच्या वर्षी गणपतीत विचारलेलं, आवडाबाईला आणू काय? तर बोलले, बघू. पुरुष माणूस बघू बोलला की त्याचा अर्थ काय ते आपल्याला माहीत असतं. मग मी परत विषय काढला नाय.

बँकेच्या मॅनेजरबाईनी त्याच दिवशी सही दिली. चांगल्या होत्या. बोलल्या, मावशी, तुमच्यासारख्या खूप जणी हायेत, त्यानापन सांगा. आता ठाण्याला पीएफच्या ऑफिसान कवा जायचं?

तुळसा


डोंबिवली
१३ ऑक्टोबर २०२४

प्रिय तुळसा,

काल दसरा झाला. सोनं पाठवतेय, आपट्याची दोन पानं पाकिटात आहेत.

मंगळवारी आपण ठाण्याला जाऊन आलो, तेव्हापासून मला चैन नाही. ऑफिसात सगळं किती छान चाललं होतं. नावाच्या दुरुस्तीचा कागद घेतला, तो मुलगा आपल्याशी नीट बोलला, पेन्शनचा फॉर्मसुद्धा दिला. आणि मग तो म्हणाला, “याला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागेल, जोडीचा.” तुझा चेहरा एकदम उतरला. मी यंत्राचा आवाज वाढवून पुन्हा विचारलं, तरी तो तेच म्हणाला. बरोबरच आहे म्हणा. तुझ्यामागे रघुभाऊंना पेन्शनचा वाटा मिळतो, म्हणून त्यांचाही चेहरा नोंदीत हवा.

मी तुला आधी सांगायला हवं होतं. पण तुळसा, मी अर्ज केला तेव्हा आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं. माझा फोटो एकटीचाच लागला. हा नियम माझ्या लक्षातच राहिला नाही, कारण तो माझ्यासाठी नव्हता.

नंतर टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाच्या रांगेत तू नुसती चपलांकडे बघत होतीस. मी आपली ढोल-ताशाचं निमित्त करून ऐकू येत नसल्यासारखी उभी राहिले.

आता मी सांगते ते ऐक. रघुभाऊंना सांग. तू मला लिहिलंस की ते वाकडा शब्द बोलत नाहीत. मग भीती कशाची? फार तर नाही म्हणतील. माझे हे आज ‘नाही’ म्हणायला तरी समोर असते तर मी रोज भांडले असते.

तुझी,
वासंती


कळवा
५ नोव्हेंबर २०२४

वासंतीताईंना तुळसाचा साष्टांग नमस्कार.

सांगितलं एकदाचं!

पाडव्याच्या दिवशी दुपारी जेवणं झाली. पोरं बाहेर गेलेली. हे झोपाळ्यावर बसलेले. मी याना ओवाळलं, तर यानी खिशातून नोट काढून ताटान टाकली. मी बोलले, “मना ओवाळणी नको. मना तुमच्याबरोबर फोटो काढायचाय.”

हे बोलले, “आता? नयन येईल तवा मोबाईलवर काढू.”

“मोबाईलवरचा नाय. स्टुडिओतला. पेन्शनला लावायचाय.”

मग मी थांबलेच नाय. तुमचं पत्र, कंपनी, बँक, आवडाबाई, सगळं सांगून मोकळी झाले. हे ऐकत होते, झोपाळा थांबवलेला. सगळं ऐकलं, उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले.

ताई, मी खालीच बसले. मना वाटलं, झालं. आता हे देवळाच्या पारावर जाऊन बसतील, संध्याकाळी येतील आणि परत कधी या गोष्टीचं नाव निघणार नाय. निरांजन विझलं तरी मी तिथंच बसलेली.

थोड्या वेळाने हे आले. दाढी केलेली, केस कापलेले, मानेवर पावडर. बोलले, “फोटोवाला उद्यापन बंद हाय, भाऊबीज हाय. परवा उघडेल. न्हावी उघडा होता, म्हणून बोललो तेवढं तरी उरकू.”

मी निरांजनाचं ताट उचललं. हे बोलले, “आवडीला कवा आणायची?”

मी बोलले, “तुमीच तर बघू बोललेले.”

“बघू बोललो. नाय बोललो काय?” असे माझ्यावरच डाफरले. “मी तुझी वाट बघत होतो, तू परत विचारशील. तू विचारलंच नाय. मना वाटलं, तुलाच नको असंल.”

वर्ष गेलं ताई, या एका शब्दान! दोघं एकाच छपराखाली राहतो.

मग झोपाळ्यावर माझ्याशेजारी बसले. बोलले, “मिठागर बंद झालं तवा घर तुझ्या कंपनीवर चाललेलं. मी गावान सांगायचो, बायको हौसेनं जाते. मना लाज वाटायची. तुझी नाय, माझी. म्हणून पैसे आल्याबरोबर तुला घरी बसवली. तुला विचारलं नाय.” एवढं बोलणं यानी लग्नापासून केलं नसंल.

नयनला संध्याकाळी कळलं तर तो रागावला. बोलला, “आई, मावशीसाठी पैसे मागितले असतेस तर मी दिले नसते काय?” मी बोलले, “दिले असतेस रे बाबा. पन मागायला लागले असते.” तो मग जाऊन खालच्या खोलीतली अडगळ काढायला लागला, मावशीला जिना चढायला नको म्हणून.

काल फोटो काढला. फोटोवाला याना सारखा सांगत होता, काका, थोडं हसा. हे असे बसलेले, जसे काय पोलीस चौकीत आलेत. मीच हसले. फोटोतपन मी हसतेय. ऑफिसवाले घेतील ना?

रविवारी आवडाबाईला आणायला आमी सगळे जातोय. पेन्शन कवा येईल तवा येईल.

तुळसा


डोंबिवली
१६ जानेवारी २०२५

प्रिय तुळसा,

तिळगूळ पाठवला होता तो चुरा होऊन पोचला असेल, तरी गोड मानून घे.

नाव दुरुस्त झालं, फॉर्म दिला, आणि आता तू दर पत्रात विचारतेस की अजून का नाही. घाबरू नकोस. पासबुकाची झेरॉक्स पुसट होती म्हणून त्यांनी दुसरी मागितली, एवढंच. ती हेमांगीने परवा ऑफिसात नेऊन दिली. तुला अठ्ठावन्न पूर्ण झाली त्या दिवसापासूनची मागची बाकीसुद्धा एकदम मिळेल. आणि सुरू झाली की दर वर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवायला लागतं, ते विसरू नकोस. मी दर वेळी चांगली साडी नेसून जाते.

तुझ्या पत्रात आवडाबाईंचं फारसं काही नसतं. त्या आल्या, खुब्याला आराम आहे, एवढंच लिहितेस. त्या रमल्या का ग? मला खरं सांग.

तुझी,
वासंती


कळवा
२० मार्च २०२५

वासंतीताईंना तुळसाचा नमस्कार.

ताई, पेन्शन आली! मेसेज आला तो निशिगंधानेच मोठ्याने वाचला, घरभर. या वेळी मना राग आला नाय. मी बोलले, परत वाच.

तुमी जानेवारीत विचारलं होतं त्याचं मी उत्तर दिलं नाय, कारण देण्यासारखं नव्हतं. आवडाबाई आली, पन पाहुणीसारखी. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून अंथरुणाची घडी घालायची. वाढलं तेवढं खायची, दुसऱ्यांदा घ्यायची नाय. कायपन विचारलं की, “मना चालंल.” भात? चालंल. भाकरी? चालंल. पंखा लावू का बंद करू? कसापन चालंल. हे एकदा मना हळूच बोलले, तुझी बहीण घरान हाय का नाय तेच कळत नाय.

पैसे आले त्या दिवशी मी तिला रिक्षान घालून बँकेत नेली. काठी टेकत आली. थोडे पैसे काढले आणि तिच्या हातावर ठेवले. बोलले, “आवडाबाई, हे माझ्या कंपनीचे. बाटल्यांना लेबलं लावली त्याचे. यातून तुझं औषध, तुझं खाणं. कोणाला विचारायचं नाय.” तिनी नोटा दोनदा मोजल्या. बोलली, “तुला एवढी अक्कल कवा आली?” आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवले.

येताना बाजारान उतरलो. मावरं तिनेच घेतलं. कोळणीशी असा भाव केला की मी बाजूला उभी राहिले.

मग शिमगा आला. होळी झाली, दुसऱ्या दिवशी मी बोंबलांचं कालवण केलं. सगळे जेवायला बसलेले, हे, नयन, सून, पोरी. आवडाबाईनी एक घास घेतला, ताट पुढं सरकवलं आणि मोठ्याने बोलली, “हे काय केलंस ग? हे कालवण हाय का समुद्र हाय? मी असा शिकवला काय तुला? हो बाजूला, उद्यापासून चुलीकडं मी बघते. आणि भात अजून वाढ, एवढ्याशानी काय होतंय?”

सुनेनी माझ्याकडं बघितलं, तिला वाटलं, मना राग आला असंल. मी उठून स्वयंपाकघरान गेले आणि तोंडाला पदर लावून उभी राहिले. हे मागून आले. बोलले, “काय झालं ग? रडतेस?”

मी बोलले, “आवडाबाई रागावली माझ्यावर.”

यानी बाहेर तिच्याकडं बघितलं. मग बोलले, “चला, आली एकदाची.” आणि भाताचं भांडं उचलून तिला वाढायला स्वतःच गेले.

तुमची,
तुळसा